बाबांचं ३०/७० इन्सुलिन : बाटलीऐवजी पेनची रिफिल मिळालीय, लाल टोपणाच्या सिरिंजने काढू का?

मोर्णाकाठचा

मंडळी, घाईत लिहितोय. रात्रीच्या डोसच्या आत कोणी सांगितलं तर फार बरं होईल.

बाबा ७४ वर्षांचे आहेत. ३०/७० इन्सुलिन, सकाळी २२ युनिट आणि रात्री १२, जेवणाच्या अर्धा तास आधी. बाटलीतलं, दुधाळ दिसतं ते. आजवर स्वतःच भरून स्वतःच टोचून घ्यायचे, कोणाला हात लावू देत नसत. आता एका डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय आणि सिरिंजवरच्या रेघा त्यांना दिसेनात. म्हणून हे काम माझ्याकडे आलं. मी मोटर रिवाइंडिंग करतो. बायको म्हणते, केसासारखी तार मोजून गुंडाळता, मग ही रेघ काय अवघड आहे.

आज बाटली संपली. मेडिकलवाला म्हणाला, "बाटली परवा येईल. तोवर ही इन्सुलिन टोचायच्या पेनची रिफिल न्या. पेन नसलं तरी चालतं, रबरातून सिरिंजने काढायचं. औषध तेच आहे." घरी आणून पाहिलं तर काचेची बारीक नळी आहे, आत एक छोटी गोटी हलते. तिच्यावर १०० आययू (म्हणजे युनिट) प्रति मिली लिहिलंय. आमच्या रिकाम्या बाटलीवर ४० आययू प्रति मिली आहे. घरात आहेत त्या लाल टोपणाच्या सिरिंजा.

तर २२ च्या रेघेपर्यंत नेहमीसारखंच काढायचं का? की १०० म्हणजे जास्त कडक, म्हणून कमी काढायचं? बाबा म्हणतात, "युनिट म्हणजे युनिट, त्यात काय फरक." डॉक्टरांचा फोन लागत नाहीये.

निवृत्त सिस्टर

भाऊ, आधी एवढंच वाचा. त्या रिफिलमधून लाल टोपणाच्या सिरिंजने काहीही काढू नका. नळी फ्रिजच्या दारात ठेवून द्या आणि दुसऱ्या मेडिकलमध्ये जा. ४० ची ३०/७० ची बाटली दुर्मीळ नाही, अकोल्यासारख्या गावात रात्रीपर्यंत नक्की मिळेल. रिकामी बाटली खिशात घेऊन जा आणि तिच्यावरचा शब्द न् शब्द जुळवून घ्या. नाहीच मिळाली तर दवाखान्यात फोन करून विचारा. डोस आपल्या मनाने बुडवायचाही नाही.

आता कारण. बाबा म्हणतात ते अर्धं खरं आहे. युनिट म्हणजे युनिटच, पण सिरिंजला औषध कळत नाही, तिला फक्त जागा कळते. लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये एक मिलीचे ४० भाग पाडलेत, कारण ती ४० च्या बाटलीसाठीच बनवलीय. तिच्यात २२ पर्यंत भरलं की अर्ध्या मिलीच्या जरा वर, ०.५५ मिली पाणी आत आलं. ४० च्या बाटलीतून ते २२ युनिट होतात. १०० च्या नळीतून तेवढ्याच पाण्यात ५५ युनिट येतात. रात्रीचे १२ म्हणून दिले तर ३० जातात. म्हणजे अडीचपट. झोपायच्या आधी अडीचपट गेलेला म्हातारा माणूस पहाटे घामाने चिंब, दातखीळ बसलेला, हाका मारून न उठणारा, असा वॉर्डात आणलेला मी पाहिला आहे. आणणाऱ्याने रेघ अगदी अचूक मोजलेली असते, हे त्यातलं वाईट.

आणि तुम्ही हिशेबी माणूस दिसता, म्हणून आधीच सांगते. २२ ला अडीचने भागून ८.८ रेघा काढायच्या, हा विचार मनात आला असेल तर सोडून द्या. सिरिंजवर ८.८ ची रेघ नाही. शिवाय परवा बाटली आली की घरातलं कोणीतरी "नऊच भरायचं" हे लक्षात ठेवून चाललेलं असतं, आणि मग शुगर चढत जाते. भागाकार करावा लागला म्हणजे हातातली जोडी चुकीची आहे, असं समजायचं.

नळीवरचं पूर्ण नाव मात्र इथे लिहा. "औषध तेच" हेही मला पटलेलं नाही.

मोर्णाकाठचा

सिस्टर, बाटली मिळाली! सिव्हिलच्या रस्त्यावरच्या दुकानात. ४० आययू प्रति मिली, नाव शब्दशः तेच. रात्रीचे १२ दिले, जेवले, आता टीव्ही बघतायत. माझ्या हाताला घाम सुटला होता.

रिफिलवर ३० आकडा आहे, पण नाव वेगळं आहे. कंपनीच्या नावापुढे "मिक्स" असं काहीतरी, आणि खाली बारीक अक्षरात अस्पार्ट. बाटलीवर तो शब्द नाही.

आता नीट भरायचं कसं ते सांगाल का? बाबांनी दाखवलं, पण त्यांची पद्धत म्हणजे बाटली खोकल्याच्या औषधासारखी खडखड हलवायची. बुडबुड्यांचं काय करायचं? एक बारीक बुडबुडा राहिला होता, तो शिरेत गेला तर? आणि रविवार-सोमवार मला पुण्याला जायचंय, तेव्हाचे डोस भरून ठेवता येतील का?

गोळीवाला

मी ठाण्यात फार्मासिस्ट आहे. सिस्टरांचा संशय बरोबर निघाला. बाटलीतलं ३०/७० हे ह्यूमन इन्सुलिन, म्हणजे ३० टक्के साधं लवकर चढणारं आणि ७० टक्के दुधाळ, सावकाश चालणारं. ते जेवणाच्या अर्धा तास आधी देतात. अस्पार्टवालं मिश्रण त्याहून लवकर काम सुरू करतं, म्हणून ते ताट समोर आल्यावर देतात. अर्धा तास आधी देऊन वहिनींच्या पोळ्या लांबल्या असत्या तर शुगर खाली गेली असती. आकडा ३० दोन्हीकडे आहे, दिसायलाही दोन्ही गढूळच, म्हणून काउंटरवर सर्रास गल्लत होते. आमच्याच धंद्यातला माणूस असं बोलला याचं वाईट वाटतं, पण बोलतात.

ही ४० आणि १०० ची भानगड जुनी आहे. पूर्वी जगभर वेगवेगळ्या ताकदीच्या बाटल्या होत्या. अमेरिका १९७० च्या दशकात १०० वर गेली, ब्रिटन १९८३ मध्ये. आपल्याकडे बाटल्या बहुतांशी ४० वरच राहिल्या आणि पेनं मात्र बाहेरच्यासारखी १०० ची आली. म्हणून एकाच दुकानात, एकाच फ्रिजमध्ये दोन्ही नांदतात. पण "बाटली म्हणजे ४०, पेन म्हणजे १००" असंही पाठ करू नका. ग्लार्जिन नावाच्या इन्सुलिनच्या १०० च्या बाटल्याही मिळतात, त्यांना नारिंगी टोपणाची सिरिंज लागते. टोपणाचा रंग ही खूण आहे, खात्री नव्हे. बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजच्या अंगावर छापलेला आकडा, दोन्ही वाचायचे. एक मिलीच्या नारिंगी सिरिंजवर तर बहुतेक एक रेघ दोन युनिटांची असते, तिथे पुन्हा वेगळा घोळ.

निवृत्त सिस्टर

चला, सुटलो. आता सावकाश लिहिते, चहा घेऊन बसले आहे.

हात साबणाने धुऊन कोरडे करायचे. बाटली हलवायची नाही, बाबांना सांगा. आडवी धरून दोन्ही तळव्यांमध्ये वाती वळतो तशी दहा वेळा फिरवायची, मग दहा वेळा हळूच उलटी-सुलटी करायची. पांढरा साका तळाशी राहता कामा नये, सगळं एकसारखं दुधाळ दिसलं पाहिजे. हे नीट झालं नाही तर वरचं पातळ आधी येतं आणि बाटलीच्या शेवटी घट्ट उरतं. मग लोक म्हणतात, डोस तोच पण शुगर रोज वेगळी. खडखड हलवलं की फेस होतो, फेसात बुडबुडे येतात आणि इन्सुलिनचीही नासाडी होते. फिरवूनही गुठळ्या उरल्या किंवा काचेला आतून बर्फाच्या नक्षीसारखा थर चिकटलेला दिसला, तर ती बाटली वापरायची नाही.

रबर स्पिरिटने पुसा आणि वाळू द्या. मग सिरिंजमध्ये आधी २२ पर्यंत हवा ओढायची आणि ती बाटलीत सोडायची. बरेच जण ही पायरी गाळतात. मग बाटलीत ओढ तयार होते, दट्ट्या मागे येत नाही आणि सगळा बुडबुड्यांचा खेळ तिथून सुरू होतो. हवा सोडली की सुई आतच ठेवून बाटली उलटी करा, सुईचं टोक औषधात बुडालेलं हवं. २४-२५ पर्यंत ओढा. बुडबुडे दिसले तर सिरिंजवर टिचकी मारा, ते वर येतील, त्यांना परत बाटलीत ढकला आणि २२ वर थांबा. रेघ वाचताना सिरिंज डोळ्यांसमोर धरायची, वरून-खालून नाही. काळ्या रबराची सुईकडची कड रेघेला लागलेली हवी, मागची नाही. तुमच्या बाबांच्या डोळ्यांची अडचण नेमकी इथे आली असणार.

बुडबुडा शिरेत जाण्याची भीती काढून टाका. हे इंजेक्शन कातडीखालच्या चरबीत जातं, शिरेत नाही. बुडबुड्याने जीव जात नाही, डोस कमी जातो. जेवढी जागा हवेने अडवली तेवढं इन्सुलिन कमी.

पोटावर देत असाल तर बेंबीपासून दोन-तीन बोटं सोडून, चिमटीत कातडी हलकी उचलून द्यायचं. दट्ट्या पूर्ण दाबल्यावर दहापर्यंत मोजायचं आणि मगच सुई काढायची. चोळायचं नाही.

आता एक काम उद्या सकाळी करा. बाबांच्या पोटावरून हात फिरवा. इतकी वर्षं स्वतः टोचून घेणारा माणूस बहुधा एकाच जागी टोचतो, कारण तिथे दुखत नाही. तिथे मऊ, रबरी गाठ झालेली असते. त्या गाठीत दिलेलं इन्सुलिन नीट शोषलं जात नाही. सापडली तर तिथे टोचणं थांबवा, पण आधी डॉक्टरांना सांगा. चांगल्या जागेवर तेच २२ युनिट जोरात लागू पडतात, कधी कधी डोस कमी करावा लागतो. ते दिवस शुगर जास्त वेळा तपासा.

पुण्याचं. तयार मिश्रण सिरिंजमध्ये भरून फ्रिजमध्ये ठेवता येतं, सुई वरच्या बाजूला करून, म्हणजे साका सुईत बसत नाही. देण्यापूर्वी सिरिंज तळव्यात हलकी फिरवायची. पण सकाळची २२ आणि रात्रीची १२ एका डब्यात ठेवलीत तर एक ना एक दिवस अदलाबदल होणार. दोन वेगळे डबे, वर ठळक अक्षरात "सकाळ" आणि "रात्र". माझं मत विचाराल तर भरून ठेवण्यापेक्षा वहिनींना शिकवा. जुन्या सिरिंजने साधं पाणी भरायला लावा, दहा, बावीस, बारा, असं तोंडी सांगून. डिस्चार्जच्या आधी नातेवाइकांना मी असंच बसवायची. सांगून मान डोलावणारे पुष्कळ, भरायला लावलं की कळतं.

आणि घरात साखर हाताशी. हात थरथरले, घाम आला, बडबड बदलली की तपासा. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, थेट १०८.

एडिसनची सूनबाई

सिस्टर, तुमची पोस्ट सासूबाईंना वाचून दाखवली. आमच्याकडे न्यू जर्सीत हाच प्रकार होता होता टळला. त्या साताऱ्याहून येताना बाटल्या आणि लाल सिरिंजांचा गठ्ठा घेऊन आल्या. बाटल्या संपल्यावर इथल्या डॉक्टरांनी लिहून दिलेली बाटली आणली, ती अर्थातच १०० ची. सासूबाईंचा हट्ट, "माझ्या सिरिंजा एवढ्या उरल्यात, वाया कशाला घालवायच्या?" मी फार्मसीत विचारलं तर तो म्हणाला, लाल टोपणाची ४० ची सिरिंज तो फक्त कुत्र्या-मांजरांच्या इन्सुलिनसाठी ओळखतो. सासूबाईंना हे सांगितल्यावर त्यांनी गठ्ठा स्वतःच काढून दिला!

परत जाताना उलटं झालं. त्यांना इथल्या नारिंगी सिरिंजा आवडल्या, सुई बारीक म्हणून, आणि त्यांनी त्या बॅगेत भरल्या. बरं झालं नवऱ्याने बॅग वजन करायला उघडली.

निवृत्त सिस्टर

सूनबाई, ते उलटं लवकर उघडकीला येत नाही. नारिंगी सिरिंजने ४० ची बाटली २२ पर्यंत भरली की नऊसुद्धा युनिट जात नाहीत. घाम नाही, चक्कर नाही. शुगर नुसती चढत राहते, घरचे म्हणतात आंबे खाल्ले असतील, आणि डॉक्टर डोस वाढवतात. मग कोणीतरी बरोबर सिरिंज आणतं आणि वाढवलेला डोस पूर्ण जातो.

घोरवडेश्वर

विषय थोडा बाजूला नेतो, माफ करा. बायकोला वजन आणि शुगरसाठी डॉक्टरांनी तिरझेपाटाइडची बाटली लिहून दिलीय, अडीच मिलिग्रॅम. त्यातही "किती युनिट" भरायचं ते कळत नाही. इन्सुलिनचीच सिरिंज चालेल का? आणि जिममधला एक जण सांगतो की पावडरची बाटली ऑनलाइन स्वस्त मिळते, पाणी घालून घरी तयार करायची.

गोळीवाला

तिरझेपाटाइडला "युनिट" नाहीच. ते मिलिग्रॅममध्ये मोजतात. मार्च २०२५ मध्ये भारतात ते आधी एका डोसच्या बाटलीतच आलं, पेन नंतर. त्या बाटलीत एकच डोस असतो आणि तो अर्धा मिली. अर्धा मिली म्हणजे लाल सिरिंजवर २० ची रेघ आणि नारिंगीवर ५० ची. म्हणजे फोनवर कोणी "पन्नासपर्यंत भर" म्हणालं आणि हातात लाल असली, तर पन्नास तिच्यावर सापडणारच नाही. म्हणून मिलीच्या खुणा असलेली एक मिलीची सिरिंज मागा आणि पहिल्यांदा दवाखान्यात त्यांच्यासमोर भरून दाखवा. बाटलीत थोडं उरल्यासारखं वाटलं तर पुढच्या आठवड्यासाठी ठेवायचं नाही.

पावडरीच्या बाटलीला हात लावू नका. आत काय आहे, किती आहे, निर्जंतुक आहे का, यातलं काहीच घरी तपासता येत नाही. पाणी किती घातलं यावर प्रत्येक रेघेचा अर्थ बदलतो, म्हणजे वर सिस्टरांनी सांगितलेला घोळ आपणच घरात तयार करायचा. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जुलै २०२४ मध्ये सेमाग्लुटाइड या याच धर्तीच्या औषधाच्या अशाच सुट्या बनवलेल्या बाटल्यांबद्दल इशारा दिला होता. मिलिग्रॅम, मिली आणि युनिट यांची गल्लत होऊन लोकांनी ठरलेल्या डोसच्या पाच ते वीसपट घेतलं होतं, काहींना दवाखान्यात भरती करावं लागलं. आणि त्या बाटल्यांतलं औषध तरी विरघळवून तयार दिलेलं होतं.

मोर्णाकाठचा

सिस्टर, गाठ सापडली. बेंबीच्या डावीकडे, लिंबाएवढी. बाबा म्हणाले, "तिथं दुखत नाही म्हणून तिथंच घेतो." तुम्ही पाहिल्यासारखं लिहिलंत. डॉक्टरांशी बोललो. दुसऱ्या बाजूला सुरू करायला सांगितलंय, सकाळचे २२ ऐवजी १८, आणि आठवडाभर चार वेळा तपासायचं.

बायकोने पाण्यावर हात बसवला, माझ्यापेक्षा लवकर.

दोन शंका राहिल्या. उन्हाळ्यात इथे ४५ अंश असतं आणि लाइट जाते, तेव्हा बाटली कुठे ठेवायची? आणि डॉक्टर म्हणतात, पुढे बाबांना स्वतः घ्यायचं असेल तर पेन बघा, डोसचा आकडा फिरवताना खटके ऐकू येतात.

निवृत्त सिस्टर

वहिनींना शाबासकी द्या.

न उघडलेल्या बाटल्या फ्रिजच्या दारात, बर्फाच्या कप्प्याजवळ नको. एकदा गोठलेलं इन्सुलिन पुन्हा पातळ झालं तरी फेकायचं. चालू बाटली बाहेर ठेवली तर साधारण चार आठवडे चालते, पण तुमच्याकडचं उन्हाळ्यातलं "बाहेर" तिला सोसणार नाही. १८ आणि १२ म्हणजे रोजचे ३०, चारशे युनिटांची बाटली दोन आठवड्यांच्या आतच संपेल, तेवढे दिवस सांभाळायची. मोठ्या मडक्यात लहान मडकं, मधल्या फटीत वाळू, वाळू ओली ठेवायची, बाटली प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून आतल्या कोरड्या मडक्यात, वर ओलं फडकं, सावलीत. वीज नसलेल्या वस्त्यांवर आम्ही हेच सांगायचो. स्कूटरच्या डिकीत पाच मिनिटंसुद्धा नको.

पेन चांगलं, पण खटके मोजून डोस लावायचा नाही, एखादा चुकतोच. आकडा कोणीतरी बघायला हवा. प्रत्येक वेळी आधी दोन युनिट हवेत सोडून थेंब येतो का पाहायचं. नळीतली ती गोटी ढवळण्यासाठी असते, तेव्हा तळव्यात फिरवणं तिथेही आलंच. नळी ज्या कंपनीची, पेन त्याच कंपनीचं. आणि घरात पेन आलं की लाल सिरिंजा घरात ठेवायच्या नाहीत. पेन बिघडलं की रात्री अकरा वाजता कोणीतरी सिरिंजने नळीतून काढायला बसतं.

वापरलेल्या सुया कुठे टाकता ते लिहिलं नाहीत. जाड प्लॅस्टिकची बाटली, झाकण घट्ट, भरली की वर "सुया" लिहून कचऱ्यापासून वेगळी द्यायची. घंटागाडीवरची माणसं हाताने वेचतात.